कुठे म्हणायचं नाही

वैजयंती ढमढेरे रोज साधारण चारशे लोकांशी बोलत असे आणि त्यांतल्या एकाशीही ती बोललेली नसे.

ऐकायला कोडं वाटतं, पण त्यात कोडं काही नाही. बोलायचा तो तिचा आवाज. ती स्वतः पुण्यात, कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, हेडफोन लावून तो आवाज ऐकत बसलेली असे. समोरच्या पडद्यावर आवाजाचं एकेक वाक्य उमटे आणि खाली दोन बटणं येत. एकावर 'मी असं बोलेन', दुसऱ्यावर 'मी असं बोलणार नाही'. वाक्य ऐकायचं आणि बटण दाबायचं, एवढंच काम. दहा सेकंदांत काही दाबलं नाही तर यंत्र होकार धरून पुढे सरके. मौन म्हणजे संमती हा आपल्याकडचा जुनाच नियम, यंत्राने त्याला फक्त घड्याळ लावलं होतं.

यंत्राचं नाव सूत. नाव मालकांच्या मुलाने, सौमित्र बेंद्रेने, ठेवलेलं. पोरगा हुशार होता आणि वाईट मुळीच नव्हता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर अशा गोष्टींत मालकाच्या मुलाकडे उगाच संशयाने बघितलं जातं.

कंपनी प्रवाशांना थेट काही विकत नसे. तिची गिऱ्हाइकं म्हणजे तालुक्याच्या गावचे टूरवाले. विटा, चोपडा, मेहकर, उमरगा. त्यांनी गावातली तीस-चाळीस माणसं गोळा करायची, आणि खोल्या, गाड्या, जेवणखाण कंपनीकडून ऑनलाइन घ्यायचं. आता तीच खोली त्याच भावात आणखी दहा कंपन्यांच्या साइटवर दिसे. मग टूरवाल्याने बोट आपल्याच नावावर का ठेवावं? या प्रश्नापायी सगळ्या कंपन्यांनी सगळं करून पाहिलं होतं. पॉइंट वाटले, चांदीची नाणी वाटली, बँकॉक दाखवून आणलं. लोक बँकॉकहून यायचे, बॅगा ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कंपनीकडे बुकिंग करायचे. जे थोडे टूरवाले वर्षानुवर्षं हलले नाहीत, त्यांच्या न हलण्याला एकच कारण होतं आणि ते कारण तिसऱ्या मजल्यावर खिडकीजवळ बसायचं.

सत्तावीस वर्षं वैजयंतीने फोन केले होते. कुणाच्या वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीचं बारावीचं वर्ष, कुणाला गोडी डाळ चालत नाही, सगळं तिच्या डोक्यात. बुकिंगचा विषय ती शेवटी काढायची, आणि कधी कधी विसरायचीसुद्धा. समोरचाच आठवण करून द्यायचा, की ताई, त्या बावीस खोल्यांचं तेवढं बघा.

सौमित्रला तिच्यात जादू दिसत नव्हती, माप दिसत होतं. त्याने तिला समजावून सांगितलं होतं आणि ते तिला पटलंही होतं. दोन माणसं बोलतात तेव्हा एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो. कुठल्याही भाषेत जवळपास तेवढाच. खरं तर तेवढ्या वेळात उत्तर तयारच होऊ शकत नाही. शब्द शोधून तोंडापर्यंत आणायलाच मेंदूला त्याच्या तिप्पट वेळ लागतो. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याच्या वाक्याचा शेवट ताडतो आणि आपलं वाक्य ओठाशी आणून ठेवतो. जवळच्या माणसाचं वाक्य ताडायला सोपं, म्हणून तिथे हा विराम आखूड. संशय आला की तो लांबतो. आणि नकार तर कायमच होकारापेक्षा उशिरा निघतो.

चौदा वर्षांचे तिचे फोन कंपनीने साठवून ठेवले होते. सूतने ते ऐकले. कुठल्या वाक्यानंतर कुणाचा विराम आखडला, कुठल्या वाक्यानंतर ताणला गेला, हे मोजलं, आणि मग तिच्याच आवाजात ती वाक्यं जोडायला शिकलं ज्यांनी विराम आखडतो. प्रत्येक टूरवाल्यापुढे एक आकडा दिसे, निष्ठांक. शंभरपैकी. पूर्वी वैजयंती दिवसाला वीस फोन करायची, सूत चारशे करी. पहिल्या वर्षातच सगळे आकडे चढले. सहीच्या वेळी तिने कागदावरचं एक कलम दोनदा वाचलं होतं: यापुढे तिने टूरवाल्यांशी स्वतः बोलायचं नाही. एका माणसाचे दोन आवाज झाले की समोरचा बुजतो. बोलली तर नोकरी त्याच दिवशी संपली. निवृत्तीला सहा वर्षं होती. तिने सही केली.

पहिले काही महिने तिला राग यायचा. मग मत्सर वाटायचा, कारण सूत कुणाचा वाढदिवस विसरत नसे. मग काहीच वाटेनासं झालं. दाढेच्या डॉक्टरकडे इंजेक्शन दिल्यावर ओठ आपलाच असतो, दाबला तर हाताला लागतो, पण ओठाला हात कळत नाही. तिचं तसं झालं. विट्याच्या हिंगमिऱ्यांनी मुलीच्या लग्नाचं आमंत्रण केलं, ते तिने आठ दिवसांनी ऐकलं. सूतने तिच्या आवाजात इतकं गोड सांगितलं होतं की माझ्या सासूबाई आजारी आहेत, मनाने मी मांडवातच आहे. वैजयंतीच्या सासूला जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिने बटणांकडे पाहिलं. आपण असं बोललो असतो का? न जाण्यासाठी सासू पुढे केली असती का? केली असती बहुतेक. तिने 'मी असं बोलेन' दाबलं आणि पुढचं वाक्य ऐकलं.

हे हिंगमिरे म्हणजे अशोक हिंगमिरे. टूरवाल्यांमधला तिचा सगळ्यात जुना माणूस. वडिलांच्या बसवर किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणून चढलेला, इंजिनाशेजारी बसून बसून डाव्या कानाने अधू झालेला, त्यामुळे फोन कायम स्पीकरवर. त्यांचं बोलणं खासगी असं कधी नसेच, सगळी गाडी ऐकायची.

निघताना 'कुठे' म्हणून विचारू नये, हे आपल्याकडे घराघरांत सांगतात. कुणी चुकून विचारलंच तर माणूस परत येऊन बसतो, घोटभर पाणी पितो आणि मग जातो. हिंगमिऱ्यांकडे एवढ्यावर भागत नसे. त्यांच्या वडिलांच्या गाडीला कुंभार्ली घाटात अपघात झाला, त्या दिवशी स्टँडवर कुणीतरी नेमकं तेच विचारलं होतं. सहा माणसं गेली. तेव्हापासून नियम असा, की नारळ फुटताना कुणी 'कुठे' म्हटलं तर त्या दिवशी चाक फिरायचं नाही. मग हॉटेल बुडो, रेल्वे चुको. टूरच्या धंद्यातला माणूस, दिवसभर लोकांना 'कुठे जायचंय' विचारून पोट भरणारा, पण निघायच्या घटकेला हा शब्द त्याच्या गाडीपाशी फिरकता कामा नये.

वैजयंतीने तो एकदा फिरकवला होता. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. फोनवर नारळाचा आवाज ऐकला आणि आपली कौतुकाने म्हणाली, "काय हिंगमिरे, कुठे निघाली स्वारी?" बेचाळीस माणसं सामानासकट घरी गेली. हिंगमिरे दोन महिने तिच्याशी बोलले नाहीत. शेवटी ती एसटीने विट्याला गेली, त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, की चुकलं, आता चहा पाजा नाहीतर मी इथून हलत नाही. तिथून पुढे ती त्यांची ताई झाली. दर सहलीला नारळ फुटताना तिचा फोन लागे आणि ती म्हणे, "सुखरूप या." आता सूत म्हणे.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी तिच्यापुढे एक फोन आला. हिमाचलातल्या लोहारधार नावाच्या गावच्या हॉटेलचा. तिकडेही मालकाच्या जागी त्याचं यंत्रच बोले. दोन यंत्रांची एकमेकांवर इतकी निष्ठा बसली होती की मधला विराम मोजताच येत नसे. त्या दिवशी मात्र तिकडून मालकाची बायको बोलत होती. वीज गेल्याने यंत्र बंद असावं. बाई वैतागून सांगत होती, की टाकी रिकामी आहे, रस्त्यालगतचा नाला तीन दिवस कोरडा पडलाय, काल थोडं आलं तेही नुसतं गाळ, गुरुवारी तुमचे लोक येणार तर आंघोळीला पाणी कुठून देऊ. आणि वर नऊ दिवस पाऊस थांबत नाही.

सूतने मायेने ऐकून घेतलं आणि टँकर मागवायला सांगितलं. आमची माणसं समजूतदार आहेत, बादलीभर पाण्यात भागवतील. बाईंचा विराम आखडला. फोन 'पाण्याची तक्रार, मिटली' या खात्यात गेला.

वैजयंतीने हेडफोन काढला.

नऊ दिवस पाऊस आहे आणि नाला कोरडा. मग पाणी जातंय कुठे? हे तिला एका गढवाली ड्रायव्हरने वीसेक वर्षांपूर्वी सांगितलं होतं. डोंगरातून नेहमी वाहणारं पाणी भर पावसात थांबलं किंवा एकाएकी गढूळ झालं, तर वरून आलेलं पाणी आतच अडलंय असं समजायचं. माती ते पिऊन जड होते, खालच्या खडकावरची तिची पकड सुटते, आणि मग एखाद्या तासाला सबंध उतारच खाली येतो. तो ड्रायव्हर तेव्हा गाडी वळवून परत आला होता म्हणून त्याला हे सांगता आलं.

तिने यादी पाहिली. गुरुवारी लोहारधारला पोचणारी एकच सहल होती. विटा, एकतीस ज्येष्ठ नागरिक, सोबत स्वतः अशोक हिंगमिरे. आज ते खाली पायथ्याच्या गावात होते, बुधवारीही तिथेच मुक्काम होता, आणि गुरुवारी सकाळी सातला दोन मिनीबसनी वर.

ती सौमित्रच्या खोलीत गेली. त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, तिच्यासमोरच सरकारी नकाशा उघडला. रस्ता हिरवा. इशारा नाही. मग सूतच्या पोटात डोकावला. नाल्याचं आणि पावसाचं गणित सूतनेही जुळवलं होतं. धोक्याची शक्यता त्यात पाचात एक अशी होती. पण सूतने ती कुणाला सांगितली नव्हती. तसं करायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. वाईट बातमी सांगितली की विराम लांबतो, आणि ती बातमी सरकारी नसली तर फारच लांबतो, एवढं त्याने अनुभवाने ओळखलं होतं. रस्त्याबद्दल खोटं ते कधी बोलत नसे. कुणी विचारलं तर सरकारी नकाशावर जे आहे ते सांगे, फक्त गोड करून सांगे.

"रस्ता बंद झाला की पहिल्या मिनिटाला सांगेल ते त्यांना," सौमित्र म्हणाला. "त्याआधी आपण कसं सांगायचं, ताई? पाचात चार वेळा काहीच होणार नाही. मग ते म्हणतील, बाईंनी आमची सहल नासवली."

वैजयंती म्हणाली, की निदान मला एकदा बोलू दे. त्याने मान हलवली. कलमाची आठवण करून दिली, आणि मग खरोखर वाईट वाटून म्हणाला, की कलम सोडा, पण ते तुमचं ऐकणारसुद्धा नाहीत.

बुधवार तिने बटणं दाबण्यात काढला. दर तासाला नकाशा बघितला. हिरवा.

घरी मुकुंद होते. तिचा नवरा. पोस्टातून निवृत्त होऊन दोन वर्षं झालेली. पूर्वी दोघांचं बोलणं म्हणजे पत्त्यांचा डाव असे, त्यांचं पान पडायच्या आत हिचं पडायचं. आता ते काही सांगत आणि हिचं उत्तर येईपर्यंत पोळी निवायची. तिचं लक्ष नसे असं नाही. दिवसभर विराम ऐकून ऐकून ती घरीही विरामच ऐके. मुकुंद मग सांगायचेच थांबले. संध्याकाळी ती आली की ते चपला घालून बाहेर पडत आणि जेवायच्या वेळेला परत येत. ती आल्यावर ते जातात, हे तिला कळत होतं. त्याचंही तिला काही वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याची मात्र अधूनमधून भीती वाटे.

गुरुवारी सकाळी पावणेसातला तिने मुकुंदांचा फोन मागून घेतला. तिच्या स्वतःच्या नंबरावरून हिंगमिऱ्यांना लावलेला फोन सूतच मधे उचलून बोलायला लागलं असतं. गॅलरीत जाऊन तिने नंबर फिरवला. तो अजून पाठ होता.

"हॅलो, हिंगमिरे. मी वैजयंती. आज वर जाऊ नका."

तिने मोजलं. सेकंद होऊन गेला. मागे मिनीबसचं इंजिन, म्हाताऱ्यांची गडबड, कुणीतरी शालीबद्दल ओरडत होतं. दीड सेकंद.

"कोण बोलतंय?"

तिने पुन्हा सांगितलं. नाला कोरडा पडलाय, डोंगर आतून भरलाय, एक दिवस खालीच थांबा.

"ओ बाई," हिंगमिरे म्हणाले, "ताईंचा फोन आत्ता पाच मिन्टांमागं येऊन गेला. रस्ता मोकळा हाय म्हणाल्या. तुमी आवाज काढताय व्हय ताईंचा? असल्या फोनचं पेपरात वाचलंय आमी."

तिने विट्याची पायरी सांगितली. चहा सांगितला. पहिल्या सहलीत काशीला हरवलेल्या आजीबाई सांगितल्या, त्यांच्या पिशवीचा रंगसुद्धा सांगितला. प्रत्येक गोष्टीनंतर त्यांचा विराम आखडायच्या ऐवजी वाढतच गेला. तिच्या ध्यानात आलं, की हे सगळं सूतने त्यांना गेल्या दोन वर्षांत कितीदा तरी आठवून दिलं असणार. जे जे ओळखीचं होतं ते वापरून संपलं होतं. आता ती जितकी वैजयंतीसारखी बोलेल तितकी भामटी ठरणार होती.

"ठेवा फोन," हिंगमिरे म्हणाले. "घाटाचा नारळ फोडायचाय."

पण घाईत त्यांनी फोन कापला नाही, खिशात टाकला असावा. तिला आवाज येत होते. कुणीतरी उदबत्ती मागितली. यल्लम्माच्या नावाने उदो झाला. मग दगडावर नारळ फुटल्याचा आवाज आला, आणि एकतीस म्हाताऱ्या माणसांची ती क्षणभराची शांतता, ज्यात तिने इतकी वर्षं "सुखरूप या" म्हटलं होतं.

चौदाशे टूरवाल्यांना सांभाळणाऱ्या यंत्रात एक गोष्ट पक्की ठोकलेली होती, की हिंगमिऱ्यांना निघताना हा शब्द म्हणायचा नाही. सूतने तो मेलं तरी म्हटला नसता. वैजयंतीने गॅलरीच्या कठड्याला घट्ट धरलं आणि शक्य तेवढ्या मोठ्याने म्हणाली,

"हिंगमिरे, कुठे निघालात?"

खिशातल्या स्पीकरमधून ते बाहेर पडलं असणार, कारण तिकडे एक बाई "अगं आई" म्हणाली. इंजिन बंद झालं. मग हिंगमिऱ्यांचा आवाज अगदी जवळ आला. ते ओरडले नाहीत. "बाई, तू जी कोन असशील," ते म्हणाले, "तुझं वाटोळं होईल." आणि फोन कापला.

मुकुंद दारात उभे होते. त्यांनी काय झालं म्हणून विचारलं. तिने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण इतका वेळ गेला की ते स्वयंपाकघरात परत गेले.

दुपारी तीन चाळीसला लोहारधारच्या रस्त्याचा पाऊण किलोमीटर नदीत गेला. एक दुधाची गाडी अडकली, चालक उडी मारून वाचला. वरचं गाव सुखरूप होतं, फक्त तुटलं. त्या रस्त्याने हिंगमिऱ्यांच्या गाड्या सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान वर गेल्या असत्या, म्हणजे दरड त्यांच्यावर नक्की कोसळली नसती. ते वर अडकले असते, एकतीस म्हातारी माणसं, पाण्याशिवाय, त्यांतली चार इन्सुलिनवर. माणसांना बाहेर काढायला पुढे नऊ दिवस लागले, हे नंतरच्या बातम्यांत आलं. वैजयंतीने बातमी ऑफिसात पाहिली. हायसं वाटायला हवं होतं. ती वाट बघत राहिली, पण तसं काही आलं नाही.

सौमित्र खुशीत होता. रस्ता लाल झाल्याच्या सोळाव्या सेकंदाला सूतने हिंगमिऱ्यांसाठी दुसऱ्या गावात खोल्या धरल्या होत्या. विट्याची गाडी मुळात निघालीच का नाही हे त्याला ठाऊक नव्हतं. टूरवाल्याचं काहीतरी धार्मिक होतं म्हणे. निष्ठांक अठ्ठ्याण्णव. "तुमचा आवाज म्हणजे कंपनीचं दैव आहे, ताई," तो जाता जाता म्हणाला.

शुक्रवारी तो फोन तिच्यापुढे आला. टूरवाला अशोक हिंगमिरे, बोलणं सात मिनिटं.

ती ऐकत राहिली. हिंगमिऱ्यांनी घसा खाकरला. "ताई, एक विचारू का? काल सकाळच्याला कुनीतरी तुमच्या आवाजात फोन केलता. आन निघताना तो शब्द काढला. तुमी न्हवता न्हवं?"

सूतला एक दशांश सेकंदसुद्धा लागला नाही. "हिंगमिरे, मी अशी बोलेन का तुमच्याशी?"

"न्हाई न्हाई," ते म्हणाले, आणि किती सुटल्यासारखे हसले. "तेच म्हटलं मी मंडळीला. ताई तसं बोलायची न्हाई. पन ताई, त्या बाईनं तोंड उघडलं म्हनून आमी वाचलो बघा. मी तर शिव्याच घातल्या तिला. मंडळी म्हनत्यात, ती यल्लम्माच होती. तुमच्या आवाजात आली."

"आईचीच कृपा," सूत म्हणालं.

"परतल्यावर खन-नारळानं वटी भरनार हाय देवीची."

"माझ्या वतीनेही भरा."

पडदा थांबला. एकेक वाक्य तिच्या निवाड्यासाठी वर आलं. पहिलं वाक्य तेच होतं: मी अशी बोलेन का तुमच्याशी? खाली दोन बटणं.

तिने हात उचलला. 'मी असं बोलणार नाही' दाबलं तर सूत पुन्हा विचार करील, हिंगमिऱ्यांना फोन करून वाक्य सावरून घेईल, आणि त्यांच्या मनात परत संशय येईल की मग ती बाई कोण होती. एकतीस माणसांना वाचवणारी देवी त्यांच्याजवळ होती. त्या देवीच्या जागी पुण्यातल्या एका बाईला उभं करून कुणाचं भलं होणार होतं? तिचं होणार होतं. तेवढंच एक माणूस. आणि 'मी असं बोलेन' दाबायचं तर ती स्वतःच्याच तोंडावर खोटी पडत होती, कारण ती बोलली होती, तशीच बोलली होती, सत्तावीस वर्षांतलं एकच वाक्य जे फक्त ती बोलू शकत होती. डोळ्यांत पाणी येईल असं तिला वाटलं. तेही आलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उतरत होते, चार, तीन, दोन.

यंत्राने होकार धरला आणि पुढचं वाक्य आलं.

सहा वाजता ती घरी पोचली. मुकुंद नेहमीसारखे दारातल्या स्टुलावर बसून चपलेचा पट्टा ओढत होते. हातात कापडी पिशवी. तिला बघून त्यांनी मान हलवली, बाजूला सरून तिला आत येऊ दिलं आणि उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला.

"अहो," ती म्हणाली, "कुठे निघालात?"

मुकुंदांचा पाय तसाच राहिला. एकोणतीस वर्षांच्या संसारात तिने हा शब्द दारात कधी काढला नव्हता. त्यांच्या आईने सून आल्या आल्या पहिलं तेच शिकवलं होतं. ते वळले आणि तिच्याकडे बघत राहिले. ती चुकून बोलली नव्हती, हे तिच्या तोंडावरून त्यांना कळलं असावं.

"आता बसावं लागेल," ते म्हणाले.

"बसा."

त्यांनी चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि ते परत स्टुलावर बसले. ती आत जाऊन तांब्याभांडं घेऊन आली. त्यांनी सावकाश पाणी प्यायलं, भांडं रिकामं झाल्यावरही ते हातातच धरून ठेवलं. ती उंबऱ्याशी खाली बसली. बराच वेळ दोघंही काही बोलले नाहीत, आणि किती वेळ झाला ते तिने मोजलं नाही.